फक्त रंगाचं एस्टिमेट

अनुसूयाबाई टिकेकर भित्र्या आहेत, हे झाशीतल्या खंडेराव गेटजवळच्या त्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. बाजाराला निघाल्या की गॅस बंद केला का, या शंकेने अर्ध्या वाटेतून परत यायच्या. गॅस बंद असायचा. मग कुलूप नीट लागलं का म्हणून पुन्हा मागे. मुलींच्या शाळेत त्यांनी उभा जन्म शिवणकाम शिकवलं, पण कुणाच्या बोटात सुई जाईल या धास्तीने तासाला एकदाही खुर्चीत टेकल्या नाहीत. पावसाला, कुत्र्यांना, अनोळखी नंबरवरून येणाऱ्या फोनला, बँकेतल्या शिपायाला, सगळ्यांना त्या सारख्याच घाबरायच्या. आणि इतकं घाबरूनही त्यांच्या आयुष्यात फारसं काही वाईट घडलं नव्हतं. त्यामुळे आपल्या घाबरण्यामुळेच सगळं ठीक चाललंय, अशी त्यांची मनातून खात्री होती.

त्यांचे यजमान दत्तात्रेयराव अगदी उलट्या स्वभावाचे. सिंचन खात्यात ओव्हरसियर होते. बेतवा नदीच्या कालव्यांवर त्यांनी ठेकेदारांना असं झापलेलं होतं की दूरवरून त्यांची स्कूटर दिसली तरी लोक हातातली बिडी विझवायचे. घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. वरच्या मजल्याची गॅलरी नकाशात होती त्याहून हातभर पुढे, थेट गल्लीवर काढली होती. नगरपालिकेचा माणूस आला तर मी बघून घेईन, असं म्हणाले होते. कोणी आलं नाही. त्या गॅलरीत बसून त्यांनी निवृत्तीनंतर चहा प्यायला, पेपर वाचला आणि खाली गाड्या लावणाऱ्या लोकांशी मनसोक्त भांडण केलं. घरासमोरची जागा मोकळी असली पाहिजे, हा त्यांचा नियम होता. गल्लीला तो मान्य नव्हता.

मग एका थंडीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. गल्लीतल्याच माणसांनी त्यांना चादरीत घालून खाली आणलं, रिक्षात आडवं केलं आणि दवाखान्यात पोचवलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली, आणि तिच्याबरोबर हिंदी गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, घरची भाषा मागे राहते. जन्मभर ज्या भाषेत त्यांनी दुनियेला दरडावलं ती पुसली गेली, आणि उरली फक्त मराठी, तीही तुकड्यातुकड्यांनी, जड जिभेने. त्या गल्लीत मराठी कळणारं दुसरं माणूस एकच होतं. शहरात जुनी मराठी घरं आहेत, पण ती विखुरलेली. छावणीतल्या मराठी फौजी कुटुंबांची बदली होते, ती येतात आणि जातात. लेक आभा भोपाळला. म्हणजे दत्तात्रेयरावांना जे काही जगाला सांगायचं असेल, ते अनुसूयाबाईंच्या तोंडून जाणार होतं.

आणि ते तोंड भित्रं होतं.

गॅलरीच्या बरोबर खाली, सावलीला, फूलवती भाजीची गाडी लावायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की गाडीखाली पोतं अंथरून आपल्या नातवाला निजवायची. शाळेतून येणाऱ्या मुली तिथेच थांबून पेरू घ्यायच्या, ई-रिक्षावाले तिथेच सवारीची वाट बघायचे. झाशीच्या उन्हात सावलीचा तेवढा तुकडा म्हणजे मोठी गोष्ट. आणि वर चाकांच्या खुर्चीत बसलेले दत्तात्रेयराव डावा हात कठड्यावर आपटत ओरडायचे, "सरका. हटा तिथून. खाली थांबू नका."

अनुसूयाबाईंना शब्द कळायचे. कसे कळणार नाहीत? पण त्यांना वाटायचं, जुनंच भांडण आहे, आजारातही जित्याची खोड गेली नाही. आणि आता हे भांडण परवडणारं नव्हतं. उद्या पुन्हा रात्री-अपरात्री काही झालं तर चादर धरायला हेच हात लागणार होते. ह्याच फूलवतीने त्या दिवशी त्यांच्या पायात चप्पल सरकवली होती, नाहीतर त्या अनवाणीच रिक्षात बसल्या असत्या. म्हणून पहिल्यांदा जेव्हा फूलवतीने मान वर करून विचारलं की बाबूजी काय म्हणताहेत, तेव्हा अनुसूयाबाईंच्या तोंडून पटकन निघून गेलं, "राम-राम कह रहे हैं. तुम्हारा हाल पूछ रहे हैं."

फूलवतीला केवढा आनंद झाला. ज्या माणसाने वर्षानुवर्षं हाकललं तो आजारपणात मऊ झाला, असं तिने गल्लीभर सांगितलं. तेव्हापासून तिथून जाणारा जो तो गॅलरीखाली थबकायला लागला. दत्तात्रेयराव जितक्या जोराने ओरडायचे तितकी माणसं प्रेमाने हात जोडून उभी राहायची. शाळेच्या मुली तर घोळक्याने थांबून "राम-राम बाबूजी" करायच्या. ते लालबुंद व्हायचे, त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. अनुसूयाबाई त्यांचे डोळे पुसायच्या आणि मनात म्हणायच्या, एवढा राग बरा नव्हे.

सकाळी ऊन अंगावर घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून त्या रोज खुर्ची गॅलरीत ढकलायच्या. दत्तात्रेयराव उंबऱ्याशी डावा पाय रोवायचे आणि "नको" म्हणायचे. पण ते अंघोळीलाही नको म्हणायचे, औषधालाही आणि खिमटीलाही. नकोकडे लक्ष द्यायचं ठरवलं असतं तर माणूस जगलाच नसता.

भेग त्यांना होळीनंतर दिसली. गॅलरीची लादी जिथे घराच्या भिंतीला मिळते तिथे, दारापासून कोपऱ्यापर्यंत. केसासारखी. त्यांनी तिच्यावर सतरंजी घातली. मग एका सकाळी गल्लीत खाली गिलाव्याचे पापुद्रे पडलेले दिसले, पोळीएवढे, आणि त्यांना गंजाचा तांबडा रंग लागलेला. फूलवती यायच्या आत त्यांनी ते झाडून टाकले. हे घाबरणं नेहमीसारखं नव्हतं. नेहमीची भीती बोलकी असायची, दहा जणांना सांगितली की हलकी व्हायची. ही भीती त्यांनी कुणालाच सांगितली नाही. आभाने फोनवर विचारलं, "आई, तुझा आवाज असा का येतोय, तबियत ठीक आहे ना?" तर त्या म्हणाल्या, उन्हाळा लागलाय.

सांगणार तरी काय? गॅलरी कच्ची झाली म्हटलं की ती पाडायची. पाडली की ह्यांनी दिवसभर बघायचं काय, भिंत? आणि समजा, नुसता गिलावाच सुटला असेल तर? झाशीत कुठल्या घराचा गिलावा सुटत नाही? ह्या दोन प्रश्नांच्या मधे त्या एप्रिलभर अडकून राहिल्या. रोज सकाळी खुर्ची बाहेर ढकलायच्या, आणि खुर्ची लादीवर गेली की श्वास रोखून कान द्यायच्या.

शेवटी त्यांना एक युक्ती सुचली, आणि ती भित्र्या माणसालाच सुचावी अशी होती. कोपऱ्यावरच्या भिंतीवर एक जाहिरात रंगवलेली होती: घराच्या बाहेरची रंगाई-पुताई, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, एस्टिमेट मुफ्त. खाली इंद्रजीत कुशवाहा हे नाव आणि नंबर. अनुसूयाबाईंनी ठरवलं, रंगाचं एस्टिमेट मागायचं. फक्त रंगाचं. भेगेचं अवाक्षर काढायचं नाही. तो माणूस घर बघेलच. रोज घरं बघणारा माणूस आहे, तो काही बोलला नाही म्हणजे काही नाही. देवाला कौल लावतात तसा त्यांनी ठेकेदाराला कौल लावायचं ठरवलं, आणि तोही भेगेवर सतरंजी घालून.

नंबर लावून त्यांनी कितीदा तरी तोडला. लागला तेव्हा समोरच्याने सरळ प्रश्न विचारले. घर किती मजली, किती जुनं, बाहेर कुठे ओल, कुठे दरार, म्हणजे भेग? "नहीं नहीं," त्या घाईने म्हणाल्या, "दरार-वरार कुछ नहीं है. सिर्फ रंग." उद्या सकाळी येतो, असं तो म्हणाला.

इंद्रजीत कुशवाहा तिशी ओलांडलेला, शांत, मोटरसायकलवर आला. हेल्मेट काढून त्याने आंटीजी म्हणून नमस्कार केला, पाणी प्यायला, आणि गल्लीतून घराचा दर्शनी भाग मापायला लागला. अनुसूयाबाई खाली दारात उभ्या राहिल्या. वर दत्तात्रेयराव नेहमीप्रमाणे गॅलरीत होते. गाडीपाशी फूलवती भेंडीवर पाणी शिंपडत होती, आणि गाडीखाली तिचा नातू झोपला होता.

इंद्रजीतची नजर जिथे जाईल तिथे अनुसूयाबाईंची नजर जात होती. त्याने खिडकीवरचा छज्जा बघितला, पाइपाशी आलेली ओल बघितली, फोनमध्ये काहीतरी टिपलं. कुठला रंग पाहिजे म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, कुठलाही. मग तो चालत चालत गॅलरीखाली गेला आणि त्याने मान वर केली. मान वरच राहिली. त्याने पिशवीतून लहान हातोडी काढली, हात उंचावला आणि गॅलरीच्या पोटाला अगदी हलके टकटक केलं. भरीव वस्तूचा आवाज आला नाही. बद्द असा आला, आणि मूठभर चुरा त्याच्या खांद्यावर पडला.

त्याच क्षणी वरून दत्तात्रेयरावांनी कठड्यावर हात आपटला. "सरक. मर... मरशील. सळई गेली. सळई." आवाज चिरका झाला होता. "खाली थांबू नको रे."

"कुछ नहीं भैया," अनुसूयाबाई सवयीने म्हणाल्या. भीतीने त्यांचे दात वाजत होते तरी जीभ आपलं काम चोख करत होती. "राम-राम कह रहे हैं."

इंद्रजीतने त्यांच्याकडे बघितलं. मग तो दोन पावलं मागे, उन्हात सरकला. वर बघून त्याने हात जोडले आणि स्पष्ट मराठीत म्हणाला, "सरकलो, काका. मला कळलं."

दत्तात्रेयरावांचा हात कठड्यावरच थांबला.

तो नाशिकला आठ वर्षं स्लॅबच्या कामावर होता, हे नंतर कळलं. त्या क्षणी अनुसूयाबाईंना एवढंच कळलं की ज्या भाषेच्या आडोशाला त्या इतके दिवस उभ्या होत्या तो आडोसा नव्हताच. इंद्रजीत त्यांच्या अगदी जवळ आला. गल्लीला ऐकू जाऊ नये म्हणून तो हळू बोलला, आणि त्या हळू बोलण्यानेच त्या जास्त घाबरल्या.

"काकू, ते राम-राम म्हणत नाहीत."

त्यांनी मान हलवली. माहीत आहे, या अर्थाने.

"वरच्या बाजूला भेग आहे का? भिंतीपाशी?"

पुन्हा मान हलली. त्याचा चेहरा उतरला. मग त्याने भराभर सांगितलं. वर जा आणि काकांना आत घ्या, आत्ता. तुम्ही स्वतः लादीवर पाय टाकू नका, दारातून ओढा. मी आलो तर माझं वजन जास्त आहे, आणि मला आधी ही खालची माणसं हलवायची आहेत.

जिना त्या कशा चढल्या ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. दारात आल्या तेव्हा दत्तात्रेयरावांची पाठ त्यांच्याकडे होती. त्यांनी उंबऱ्याच्या आत उभं राहून खुर्चीच्या मुठी धरल्या आणि ओढलं. खुर्ची हलली नाही. दोन्ही चाकांना ब्रेक लावलेले होते. रोज सकाळी घसरू नये म्हणून त्या स्वतःच दोनदा दोनदा तपासून लावायच्या.

"अहो, ब्रेक," त्या म्हणाल्या. "डाव्या हाताने. काढा."

त्यांनी चाचपडत डाव्या चाकाचा ब्रेक काढला. उजव्या चाकापर्यंत त्यांचा डावा हात पोचत नव्हता, आणि उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. ते पुढे झुकले तशी लादीतून बारीक करकर ऐकू आली. "हलू नका," अनुसूयाबाई ओरडल्या. बाहेर पाय टाकायचा नव्हता. मग त्या उंबऱ्यावर पालथ्या पडल्या. गुडघे आत, छाती बाहेर, सतरंजीवर. हात लांबवताना सतरंजी गोळा झाली आणि तोंडासमोर भेग उघडी पडली. होळीला केसासारखी होती. आता तिच्यात बोट गेलं असतं. तिच्यातून खालच्या गल्लीचा उजेड दिसत होता, आणि फूलवतीच्या गाडीवरच्या हिरव्या भाजीचा रंग.

भीतीने त्यांचा हात लुळा पडला. आपलं सगळं आयुष्य नको त्या गोष्टींना घाबरण्यात गेलं आणि घाबरायची गोष्ट इथे सतरंजीखाली झाकून ठेवली, असं त्यांना वाटलं, आणि त्या विचाराचा त्यांना संताप आला. त्या संतापानेच त्यांचा हात पुढे गेला असावा. ब्रेकची कळ सापडली. त्यांनी ती वर खेचली, सरपटत मागे आल्या, उठल्या आणि मुठी धरून सगळ्या अंगाने मागे पडल्या. खुर्ची उंबऱ्याला अडली, उडाली आणि आत आली. दोघंही खोलीत, भिंतीपाशी. बाहेर लादीवर काहीतरी तडकल्याचा आवाज आला आणि मग शांत झालं.

त्या जमिनीवर बसूनच राहिल्या. खाली इंद्रजीतचा आवाज येत होता, फूलवतीचा वैतागलेला आवाज येत होता, गाडीची चाकं कुरकुरत होती.

"तुम्ही हेच सांगत होता?" त्यांनी विचारलं.

"हो," दत्तात्रेयराव म्हणाले.

"पहिल्यापासून?"

दत्तात्रेयरावांनी डाव्या हाताने बायकोच्या केसांवरचा चुना झटकला. मग हात खिडकीकडे केला. त्यांना खाली बघायचं होतं. अनुसूयाबाईंनी खुर्ची गॅलरीशेजारच्या खिडकीपाशी नेली. खालचं पोर फूलवतीच्या कडेवर आहे, गाडी हललेली आहे, हे बघितल्यावर त्यांनी डोळे मिटले. रोज सकाळी उंबऱ्याशी रोवलेला तो पाय अनुसूयाबाईंना आठवला, आणि त्यांना रडू आवरेना.

पण खाली जाणं भाग होतं. इंद्रजीत जिन्याशीच भेटला. तो हिशेबी माणूस नव्हता असं नाही, पण भला होता. म्हणाला, रंगाचं नंतर बघू, आधी खालून लाकडी बल्ल्यांचा आधार देऊन ही गॅलरी उतरवावी लागेल, आजच्या आज माणसं आणतो. "आणि मी खालच्यांना सांगितलंय, रंगकामाचे बांबू बांधायचेत म्हणून जागा पाहिजे. तुम्हीही तेच सांगा." एवढं बोलून तो फोन लावत कोपऱ्याकडे गेला.

म्हणजे सुटकेची वाट आयती तयार होती. एक वाक्य, आणि कुणाला काही कळलं नसतं. अनुसूयाबाई दाराबाहेर आल्या. गल्लीत बरीच माणसं जमली होती. फूलवती नातवाला कडेवर घेऊन गाडीशी उभी होती आणि रागावलेली होती. भर उन्हात भाजी सुकणार, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होती. अनुसूयाबाईंना बघताच म्हणाली की बाबूजी रोज एवढ्या मायेने राम-राम करतात, आणि आज त्यांच्याच दारातून ठेकेदार हाकलतो, हे बाबूजींना चालतं का?

त्या पोराच्या गालावर पोत्याचे वळ उठलेले होते. अनुसूयाबाई त्या गालाकडे बघत राहिल्या.

"वो राम-राम नहीं कहते थे," त्या म्हणाल्या.

फूलवतीला कळलं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. छज्जा गिरने वाला है, बाबूजींना माहीत होतं, ते रोज हटो म्हणायचे, खाली उभे राहू नका म्हणायचे, आणि मी राम-राम सांगत होते. मला वाटलं, भांडताहेत. तुम्ही सगळे रागावाल याची मला भीती वाटत होती. हे सांगताना त्यांची हिंदी अडखळत होती, मध्येच मराठी शब्द येत होते, पण एक शब्दही त्यांनी मऊ केला नाही.

फूलवतीने पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. तिने वर बघितलं, गॅलरीच्या पोटाकडे, उघड्या पडलेल्या गंजक्या सळ्यांकडे, आणि मग आपलं पोतं जिथे अंथरलेलं होतं त्या जागेकडे. "हम हाथ जोड़त रहे," ती हळूच म्हणाली. अनुसूयाबाईंकडे तिने बघितलंच नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. त्या तिच्यासमोर तशाच उभ्या राहिल्या. शरमेने त्यांना इतकं घेरलं होतं की जन्मात पहिल्यांदा त्या कशालाही घाबरत नव्हत्या, आणि आपण कुठे उभ्या आहोत याचंही त्यांना भान नव्हतं.

वरच्या खिडकीच्या गजावर हात आपटला. चिरका, घाबरलेला आवाज आला. सगळ्यांनी माना वर केल्या, पण या वेळी कुणी हात जोडले नाहीत. सगळे अनुसूयाबाईंकडे बघायला लागले.

"काए अम्मा," फूलवतीने विचारलं, "अब का कै रए बाबूजी?"

"मुझसे कह रहे हैं," अनुसूयाबाई म्हणाल्या, आणि गॅलरीखालून उन्हात आल्या. "कहते हैं, अनू, वहाँ मत खड़ी रह."